पोरींना ओरडू द्या

पहाटे ५

दसरा झाला की केजमध्ये पहाटेचा गारवा जाणवायला लागतो. गच्चीवर चटई टाकून मी तासभर सराव करते. तायक्वांदोच्या उंच लाथा अजून जमतात, पण स्वसंरक्षणाच्या वर्गात मुलींना त्यातली एकही शिकवत नाही. पायात चप्पल, अंगात पंजाबी ड्रेस, पाठीवर दप्तर आणि खाली ढेकळाची वाट, अशा अवस्थेत डोक्याएवढी लाथ उचलणारी मुलगी आधी स्वतःच पडेल. बीड जिल्ह्यातल्या मुलीवर प्रसंग येतो तो बांधावर, पाणंदीत, एसटीच्या गर्दीत किंवा ओळखीच्याच घरात. तिथं चालेल तेवढंच शिकवायचं.

म्हणून माझा पाठ पाच गोष्टींचा आहे: उभं राहणं, ओरडणं, सुटणं, मारणं, पळणं. हा क्रम मी कधी बदलत नाही.

उभं राहणं म्हणजे एक पाय पुढे, एक मागे, गुडघे सैल आणि दोन्ही पंजे छातीसमोर उघडे. लांबून बघणाऱ्याला वाटतं, ही बाई ‘थांबा’ म्हणतेय. प्रत्यक्षात तिचे हात तोंड वाचवायला आणि मारायला, दोन्हीला तयार असतात. पुढे कुणी साक्ष द्यायला उभा राहिला तर तोही हेच सांगेल की ती त्याला थांबवत होती.

मारायचं ते मुठीने नाही. न सरावलेल्या हाताने जबड्यावर मूठ मारली तर बोटं किंवा मनगट स्वतःचंच दुखावतं. मनगटाजवळचा तळहाताचा जाड भाग खालून वर, नाकावर किंवा हनुवटीवर. माणूस अंगाला भिडलेला असेल तर कोपर. समोरून चिकटला असेल तर जांघेत गुडघा. मागून धरलं असेल तर आधी खाली बसल्यासारखं वजन टाकायचं, मग त्याच्या पावलावर टाच. पस्तीस किलोच्या मुलीलाही एवढं जमतं, कारण यात ताकदीपेक्षा जागा महत्त्वाची. एक फटका मारला की थांबून बघत बसायचं नाही. पकड सुटेपर्यंत मारायचं आणि सुटली की धावायचं. जिंकणं हा हेतूच नाही, घरी पोचणं हा हेतू आहे.

सकाळी ७:३०

डबा भरून, पिशवीत दोन पॅड, शिट्ट्या आणि खडू घेऊन बसस्थानकावर येते. मोफत पासावर आणि मानव विकासच्या गाडीने शिकायला येणाऱ्या मुलींचे घोळके उतरत असतात. गावात आठवीच्या पुढे वर्ग नसेल तर ही गाडी म्हणजेच त्यांचं शिक्षण. ती चुकली की वाट पायी, आणि वाटेवर कोण असेल ते सांगता येत नाही.

बसच्या दारातली गर्दी हा या मुलींचा रोजचा त्रास. धक्का, चिमटा, कमरेवरून फिरलेला हात. गर्दीत झालं म्हणून कुणाला काही म्हणता येत नाही, असं त्यांना वाटतं. इथला डाव मी त्यांना फलाटावरच करून दाखवते. दप्तर पाठीवरून काढून पोटाशी घ्यायचं, कोपरं बाहेर काढायची. हात लागलाच तर वळून, त्याच्या कपड्याचा रंग घेऊन मोठ्याने बोलायचं: “ओ निळा शर्ट, हात काढा! मला हात लावू नका!” नुसतं “काय आहे?” म्हटलं तर गाडीतल्या कुणालाच कळत नाही की कोणाला म्हटलं आणि कशाबद्दल. रंग सांगितला की सगळ्या माना त्याच्याकडे वळतात. हात काय करत होता हे उच्चारलं की त्याला नाकारायला जागा उरत नाही. मग कंडक्टरला हाक मारायची: “मास्तर, गाडी पोलीस स्टेशनला घ्या.”

एका बारावीच्या मुलीने आज विचारलं, “ताई, त्यानं उलट शिव्या घातल्या तर?” घालू दे. शिव्यांना उत्तर द्यायचं नाही. तेच वाक्य, त्याच आवाजात, पुन्हा म्हणायचं. भांडणात ओढून मूळ गोष्ट बुडवायची हे त्याचं काम असतं, आपण मूळ गोष्ट सोडायची नाही.

सकाळी ११

तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत समग्र शिक्षामधून राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण चालू आहे. सहावी ते बारावीच्या मुलींसाठीची ही योजना तीन महिन्यांची असते. आज सातवी-आठवीच्या मुली मैदानात, लिंबाच्या सावलीत.

पहिल्या तासाला मी हात लावून काही शिकवत नाही. फक्त ओरडायला सांगते. “मागं सरक!” एवढंच. आणि दर शाळेत तेच होतं. आवाज येत नाही. कुणी ओढणी तोंडावर घेते, कुणी शेजारणीच्या पाठीमागे जाते, कुणी हसून खाली बसते. चालायला लागल्यापासून या पोरींना सांगितलंय की हळू बोल, खिदळू नकोस, वर बघू नकोस. बारा-तेरा वर्षांची ही शिकवण एका तासात निघणार नाही, म्हणून मी घाई करत नाही.

आज पुढच्या रांगेतली एक मुलगी तोंड उघडायची, पण स्वर फुटायचा नाही. तिला पॅडसमोर उभं केलं आणि म्हटलं, ओरडू नकोस, नुसता तळहात मार. तिने हलकेच टेकवल्यासारखा मारला. दुसरा थोडा जोरात. पाचव्या-सहाव्या फटक्याला तिच्या तोंडून आपोआप “हं!” निघाला. श्वास बाहेर पडला की आवाज येतो, आवाज आला की अंगातला ताठरपणा सुटतो. मग मी त्या ‘हं’च्या जागी शब्द ठेवायला सांगितला. “सरक!” शाळेच्या व्हरांड्यात बसलेल्या शिपाईमामांनी मान वर करून बघितलं. ती घाबरली, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “बरोबर. त्यांना ऐकू गेलं म्हणजेच जमलं.” त्यानंतर तिचा आवाज खाली आला नाही.

मग मनगट सोडवणं. कुणी मनगट धरलं की मुली आपला हात सरळ मागे ओढतात. त्यात धरणाऱ्याच्या चार बोटांशी सामना होतो आणि वजनदार माणूस तिला ओढत नेतो. पकडीत कमजोर जागा एकच: अंगठा आणि बोटं जिथं भेटतात ती फट. आपलं मनगट वळवून त्याची अरुंद कड त्या फटीकडे आणायची, एक पाऊल त्याच्याकडे टाकायचं, कोपर वाकवायचं आणि झटक्यात हात स्वतःच्या खांद्याकडे न्यायचा. त्याच्याकडे पाऊल टाकायचं हे मुलींना पटत नाही. पण अंतर कमी झालं तरच कोपर वाकतं आणि कोपर वाकलं तरच हात सुटतो. जोडीजोडीने वीस वेळा केल्यावर त्या हातालाच ते कळतं.

वेणी धरली तर आपले दोन्ही हात त्याच्या हातावर दाबून तो डोक्याशी घट्ट धरायचा, म्हणजे हिसका बसत नाही, आणि मग लाथ नडगीवर. ओढणी ओढली तर सोडून द्यायची. ओढणी वाचवायला हात गुंतवायचे नाहीत. ओढणी गेली म्हणजे अब्रू गेली, हे मनातून काढायला मनगट सोडवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

तास संपताना एक गोष्ट न चुकता सांगते. प्रसंगाला अंग गोठूही शकतं. हात उचलत नाही, आवाज निघत नाही. शरीराचीच ती एक रीत आहे. जिला काही करता आलं नाही तिची त्यात चूक नाही, आणि गप्प राहिली म्हणजे तिची संमती होती असंही नाही. चूक करणाऱ्याचीच. प्रशिक्षण घेतलेल्या मुलीला ‘मग तुला का नाही जमलं?’ असं कुणी विचारलं, तर माझं सगळं शिकवणं तिच्यावरच उलटेल.

दुपारी १

खिचडीची सुट्टी. तेवढ्यात मी शिक्षकांशी बोलून घेते. विद्यार्थिनीने काही सांगितलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. ‘शाळेचं नाव जाईल’ म्हणून दाबून ठेवता येत नाही. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असावा, असा माझा आग्रह असतो.

सुट्टीनंतर अर्धा तास मुलांचा. मी तो मागून घेते. चौदा वर्षांच्या मुलाला कुणी कधी सांगितलेलं नसतं की मुलीच्या मागे सायकल घालणं, तिचं नाव भिंतीवर लिहिणं हा तिच्यासाठी रोजचा धाक असतो. त्यांना मी विचारते: मित्र असं करत असेल तर तू काय करशील? मित्राला ‘चल, निघू’ म्हणून खांद्याला धरून बाजूला नेणं, हेही स्वसंरक्षणाचंच शिक्षण.

दुपारी २:३०

अंबाजोगाई. योगेश्वरीचं गाव आणि शिक्षणाचंही. इथंच डॉ. शैला लोहिया यांनी मनस्विनी महिला प्रकल्प उभा केला आणि घरातून बाहेर काढलेल्या, मार खाल्लेल्या बायकांना जाण्यासाठी एक दार झालं. ती वाट आधीच्या बायकांनी पाडून ठेवली म्हणून माझ्यासारखीला आज कॉलेजात उभं राहून बोलता येतं.

कॉलेजच्या मुली डाव पटकन उचलतात. त्यांचा प्रश्न वेगळा असतो: “मॅडम, आम्ही मारलं आणि त्याला लागलं, तर केस आमच्यावरच होईल ना?” या भीतीने हात अडतो, म्हणून इथं मी कायदा वाचून दाखवते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काचे आहेत. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचा बचाव करण्याचा हक्क कलम ३५ देतं. कलम ३७ मर्यादा घालतं: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तेव्हा हा हक्क वापरता येत नाही. बलात्काराच्या, पळवून नेण्याच्या इराद्याने किंवा अ‍ॅसिडने हल्ला होत असेल तर कलम ३८ प्रमाणे हा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोचतो. धोका संपला की हक्कही संपतो. पडलेल्याला पुन्हा मारायचं नाही, हे मी त्यासाठीच घोकून घेते.

पाठलागाचं कलम ७८. मुलीने नको आहे हे स्पष्ट दाखवूनही पुन्हा पुन्हा मागे येणं, संपर्क करणं, मोबाईलवर नजर ठेवणं हे त्यात येतं. म्हणून ‘नंतर बोलू’, ‘घरचे रागावतील’ अशी उत्तरं द्यायची नाहीत. एकदाच, स्वच्छ: “मला बोलायचं नाही. पुन्हा फोन करू नकोस.” मेसेज असेल तर पुसायचा नाही.

कुणी म्हणतं, चार दिवसांच्या शिबिराने काय होणार? होतं. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या सुमारे नऊशे मुलींवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. बारा तासांचं प्रशिक्षण घेतलेल्या मुलींमध्ये वर्षभरात बलात्काराचं प्रमाण ५.२ टक्के होतं. ज्यांना फक्त माहितीपत्रकं मिळाली त्यांच्यात ते ९.८ टक्के होतं. त्या बारा तासांत हातापायाचे डाव होतेच, पण ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका वेळेत ओळखणं आणि त्याला नाही म्हणताना वाटणारा संकोच मोडणं यावर मोठा भर होता. आपल्याकडेही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत नोंदलेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. म्हणून पॅडवर मारताना मी मुलींना म्हणते, समोर अनोळखी गुंड आणू नका. समोर असा माणूस आणा, ज्याला तुम्ही चहा देता.

संध्याकाळी ५

परतताना एका गावात थांबले. सोबत तिथल्या मुख्याध्यापिका. नववीतल्या मुलीच्या मागे एक मोटारसायकलवाला शाळेच्या वाटेवर येत होता. तिने शिकवल्याप्रमाणे केलं. थांबली, ओरडली, गाडीचा नंबर लक्षात ठेवला, घरी येऊन सांगितलं. आणि घरात ठरलं: शाळा बंद. दिवाळीनंतर स्थळ बघू.

आज दिवसभरात जे काही शिकवलं त्याची खरी परीक्षा या ओसरीवर असते. वडील वाईट नाहीत. ते म्हणाले, “मॅडम, आम्ही दोघं ऊसतोडीला कारखान्यावर जाणार. घरी म्हातारी. पोरीचं काही बरंवाईट झालं तर?” या जिल्ह्यातल्या हजारो बापांचा हा प्रश्न आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी सुमारे ४४ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्यामागे गरिबी आहे, हुंडा आहे, ऊसतोडीचा हंगाम आहे, आणि ही धास्तीही आहे.

मी त्यांना एवढंच म्हटलं, “दादा, तिनं खोटं बोलून लपवलं असतं तर ती आज शाळेत असती. खरं सांगितलं म्हणून घरात बसली. धाकटी हे बघतेय.” धाकटी दाराआड उभीच होती, पाचवीतली. उद्या तिच्यामागे कुणी आलं तर ती घरी सांगणार नाही, कारण सांगितल्यावर काय होतं ते तिने आज पाहिलं. त्रास देणाऱ्याला हेच हवं असतं. त्याचं मोठं बळ त्याच्या हातात नसतं, आपल्या पोरीच्या गप्प बसण्यात असतं.

मग कामाचं बोललो. गाडीचा नंबर पोलिसांच्या दामिनी पथकाला दिला. त्या वाटेच्या चार मुली एकत्र जातील-येतील. आईबाप कारखान्यावर असताना मुलीच्या राहण्याची सोय वसतिगृहात होते का, ते मुख्याध्यापिका बघणार. स्थळाचा विषय मी सोडला नाही. अठराच्या आत लग्न लावलं तर गुन्हा दाखल होतो, तेही सांगितलं. वडील शेवटी म्हणाले, “सोमवारपासून पाठवतो.” सोमवारी मी फोन करणार आहे.

संध्याकाळी ७:३०

धारूरच्या बाजूला डोंगरातली वस्ती. सोयाबीन निघालं, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या तयारीत. मुकादमाकडून उचल घेतलेली, ट्रॅक्टर ठरलेला. बायका दिवसभर कापूस वेचून आल्या, चुली पेटवून आल्या आणि समाजमंदिरात बसल्या. निम्म्यांच्या मांडीवर पोरं.

इथं मी उभं राहून शिकवत नाही. त्यांच्यासोबत खाली बसते आणि आधी ऐकते. उसाच्या फडाजवळ राहायला कोप्या, म्हणजे झोपड्या, दाराला पाचटाचा नाहीतर ताडपत्रीचा आडोसा. संडास नाही, न्हाणी नाही. पहाटे अंधारात उसात शिरायचं, रात्री-अपरात्री गाडी भरायची. एक मावशी म्हणाली, “हातात कोयता असतो बाई, तरी भ्या वाटतं. कोयता उसासाठी, माणसावर कसा उगारावा? उचल फिटायचीय.” कुणाची भीती वाटते हे तिने सांगितलं नाही, बाकीच्यांना ते कळलं.

बीडमधल्या बाईच्या शरीराबद्दल आजवर दुसऱ्यांनीच ठरवलं. २०११ च्या जनगणनेत इथं सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. २०१९ मध्ये झालेल्या सरकारी पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीमुळे कामाचा खाडा नको, दंड नको म्हणून कितीजणींनी ऑपरेशन करून घेतलं. अशा ठिकाणी ‘माझ्या अंगाला हात लावू नको’ हे वाक्य म्हणणं हाच पहिला डाव आहे.

या बायकांना उपयोगी पडेल ते शिकवते. अंधारात एकटीने जायचं नाही, दोघींनी जायचं, एकीच्या गळ्यात शिट्टी. तीन लांब शिट्ट्या म्हणजे सगळ्या कोप्यांतल्या बायकांनी बाहेर यायचं, हे निघायच्या आधीच ठरवायचं. झोपेत कुणी अंगावर आलं तर काय करायचं, ते मी चटईवर करून दाखवते: पाठीवर पडल्या पडल्या गुडघे छातीशी घ्यायचे, पाय त्याच्याकडे फिरवायचे, दोन्ही टाचांनी गुडघ्यावर किंवा पोटात लाथा, कुशीवर वळून उठायचं. दिवसभर मोळ्या उचलणाऱ्या या बायकांचे पाय माझ्यापेक्षा मजबूत आहेत. तीन-चार जणींनी करून पाहिलं तेव्हा पॅड धरलेली मी मागे सरकले.

मग नंबर. ११२ देशभर चालतो, कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलात तरी. गुन्हा कुठंही घडला तरी तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. परमुलखात भाषा कळली नाही, मुकादमाने अडवलं, तर केजला येऊनही देता येते, पण वैद्यकीय तपासणी लवकर झाली तर पुरावा टिकतो. सरकारी असो की खासगी, दवाखान्याने अत्याचार झालेल्या बाईवर मोफत उपचार करायलाच हवेत. कामावरच्या छळासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत स्थानिक समिती असते, तिथं ऊसतोड बाईही तक्रार करू शकते. हे सगळं एका दमात लक्षात राहत नाही, म्हणून प्रत्येक टोळीतल्या एका शिकलेल्या बाईच्या फोनमध्ये नंबर घालून देते आणि ती कोण हे सगळ्यांसमोर सांगते.

रात्री ९:३०

घरी येऊन जेवण, मग वही. कुठल्या शाळेत कुठपर्यंत आलो, कुणाला फोन करायचा, कुठल्या टोळीत कोणाकडे नंबर आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर माझ्या मागण्या लिहून ठेवल्या आहेत.

तीन महिन्यांचं प्रशिक्षण चांगलं आहे, पण ते दरवर्षी, नियमाने व्हावं. सराव सुटला की अंग विसरतं. ऊसतोडीला निघायच्या आधी प्रत्येक वस्तीवर बायकांचं एक सत्र व्हावं. आणि मुलींच्या प्रशिक्षणासोबत पालकांची एक बैठक सक्तीची असावी. त्या बैठकीत प्रत्येक आईबापाने आपल्या मुलीसमोर एक वाक्य म्हणावं: “तू येऊन काहीही सांगितलंस तरी तुझी शाळा बंद होणार नाही.”

मनगट सोडवायला मी शिकवू शकते. ओरडायलाही शिकवू शकते. पण ओरडणाऱ्या मुलीला घरातून शिक्षा होत राहिली तर ती पुन्हा गप्प होईल आणि माझे सगळे डाव वहीतच राहतील. मुलीचं ऐकून घेणारं घर, तक्रार लिहून घेणारं ठाणं आणि हाक ऐकून बाहेर येणारा शेजार, एवढं जमवायचं काम मोठ्या माणसांचं आहे. ते त्यांनी करावं. पोरी त्यांचं काम शिकायला तयार आहेत, हे मी रोज मैदानात बघते.